वाई म्हणजे पाणी

पहिला दिवस : ऑकलंड

"काकू, खायचं काहीही असू दे, फॉर्मवर 'आहे' म्हणूनच लिहा," असं वेलिंग्टनची पुतणी महिनाभर फोनवर बजावत होती. न्यूझीलंडमध्ये खाण्याची वस्तू न सांगता आणली आणि सापडली, तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड. आम्ही सगळं सांगितलं. विमानतळावरच्या बाईंनी मेतकुटाची पिशवी उघडून वास घेतला. ह्यांनी मेतकुटाची इंग्रजीत जी व्याख्या सुरू केली, ती अर्ध्यात आल्यावर बाईंनी बहुधा कंटाळूनच पिशवी परत दिली. जाऊबाईंनी लेकीसाठी दिलेली मेथीदाण्यांची पुरचुंडी मात्र तिथेच राहिली. बी रुजू शकतं म्हणून बंदी. शेतीवर जगणारा देश, त्यांचं बरोबरच आहे. पण जाऊबाईंना अजून सांगितलेलं नाही.

फेब्रुवारी २०२५. तिकडचा उन्हाळा. दोन दिवस झोपेचं गणित जुळवण्यात गेले आणि तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जहाजावर चढलो. इथून पुढचे दिवस जहाजाचे मोजते. जहाजाचं वर्णन करत नाही, ती सगळी सारखीच असतात: भरपूर जेवण, भरपूर गालिचे आणि लिफ्टमध्ये सतत कुणीतरी परदेशी आजोबा. आमच्या खोलीची व्यवस्था बघणारा मुलगा मात्र काणकोणचा निघाला. दारावरची आमची नावं वाचूनच त्यानं ओळखलं असावं. "बाय, कितें जाय तें सांगात," म्हणाला, आणि त्या परक्या समुद्रावर मला एकदम सुटल्यासारखं वाटलं. चहा आल्याचा मिळणार, एवढं तरी नक्की झालं.

संध्याकाळी जहाज सुटलं तेव्हा डेकवर भोंग्यातून बंदराचं नाव सांगत होते. वाइतेमाता. माओरी, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या भाषेत वाइ म्हणजे पाणी, माता म्हणजे ज्वालामुखीतून निघणारा काचेसारखा काळा दगड. त्या दगडासारखं चकाकणारं पाणी. मी ह्यांना कोपरानं ढोसलं. माझं माहेर मेणवली, वाईपासून तीन-चार किलोमीटर. "वाई म्हणजे पाणी, ऐकलंत का?" हे म्हणाले, "पुण्यात आठवड्यातून एक दिवस येत नाही ते." ह्यांचा विनोद नेहमी नळापाशी येऊन थांबतो.

दुसरा दिवस : तौरंगा आणि रोटोरुआ

तौरंगाच्या धक्क्यावरून बसनं रोटोरुआ तासाभराहून थोडं जास्त. गाव जवळ आलं की आधी नाकाला कळतं. गंधकाचा वास. आमच्या बसमधल्या अमेरिकन बायका नाकाला रुमाल लावून बसल्या होत्या. वज्रेश्वरीच्या कुंडात लहानपणी डुंबलेल्या माणसाला त्याचं काय?

ते पुइया नावाच्या जागी गेलो. १९६३ च्या कायद्यानं उभी राहिलेली माओरी कलांची संस्था इथे आहे. लाकडावर कोरीव काम करणारी मुलं काचेपलीकडे बसलेली असतात, एकीकडे हाराकेके नावाच्या पातीपासून विणकाम चाललेलं असतं. आणि मागे पोहुतू हा उष्ण पाण्याचा कारंजा, तीस मीटरपर्यंत उडतो. तो उडाला तेव्हा आम्ही स्वच्छतागृहाच्या रांगेत होतो. रांगेतूनही दिसला, तक्रार नाही.

खरी गंमत स्वागताच्या वेळी झाली. सभागृहात जाण्याआधी पाहुण्यांमधून एक 'प्रमुख' निवडतात. गाईडनं पांढऱ्या मिश्या बघून ह्यांना पुढे काढलं. समोरून एक तरुण भाला फिरवत, डोळे वटारत, जीभ हनुवटीपर्यंत काढत आला आणि ह्यांच्या पायाशी नेच्याचं पान ठेवून मागे सरला. हसायचं नाही, नजर काढायची नाही, पान उचलायचं. उचललं म्हणजे आम्ही भांडायला आलेलो नाही. ह्यांनी ते पान ज्या गांभीर्यानं उचललं, तेवढ्या गांभीर्यानं त्यांनी आमच्या लग्नात अंतरपाटामागेही उभं राहिलेलं मला आठवत नाही.

पहिला आवाज मात्र पुरुषाचा नव्हता. घराच्या ओसरीतून एका बाईनं लांब, चढत जाणारी साद घातली. तिला काराङा म्हणतात. ती साद आल्याशिवाय पाहुण्यानं पाऊल टाकायचं नाही. आत गेल्यावर गाणी झाली, पोईचे गोळे फिरवणाऱ्या मुलींची मनगटं झाली, आणि शेवटी हाका. आपल्याकडे क्रिकेटप्रेमींनाही रग्बीमुळे माहीत झालेला 'का माते' हा हाका ते राउपाराहा या ङाती तोआ टोळीच्या सरदारानं रचला, सुमारे दोनशे वर्षांपूर्वी. त्याचं श्रेय त्याच्याकडेच राहावं म्हणून २०१४ मध्ये चक्क कायदा झालाय. हाका म्हणजे नाच, पण त्या सभागृहात छाती पिटत, पाय आपटत बारा माणसं ओरडत होती तेव्हा मराठीतल्या हाकाही काही चुकीच्या वाटल्या नाहीत.

आता ङ बद्दल. मी पुण्यात एका मराठी शाळेत ३१ वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. दरवर्षी क, ख, ग, घ पर्यंत गाडी छान चालायची आणि ङ ला अडायची. तक्त्यात कमळ, खटारा, गवत, घर, आणि मग ङ चा रिकामा चौकोन. "बाई, ह्याचं चित्र का नाही?" ङ नं सुरू होणारा शब्दच नाही, बाळांनो. वाङ्मय त्या वयात काय सांगणार? तर इथे ङ नं सुरू होणारे शब्द पडलेत रस्त्यावर. ङा हा तर बहुवचनाचा प्रत्ययासारखा शब्द, पाटीपाटीवर. ङाती म्हणजे वंशज, टोळ्यांच्या नावाआधी येतो. रोमन लिपीत हे सगळं दोन अक्षरं जोडून लिहितात आणि इंग्रज जिभेची धांदल उडते. ऱ्हस्व-दीर्घही आहेत आणि ते पाळले नाहीत तर अर्थ बदलतो. आणि जोडाक्षरं नाहीतच! सगळं देवनागरीत असं चपखल बसतं की मी बसमध्ये परत येताना जहाजाच्या कार्यक्रमपत्रिकेच्या मागे पाट्या उतरवून घेत बसले होते.

त्या दिवशी माझी संकष्टी होती. जमिनीतल्या वाफेवर शिजवलेल्या जेवणाला हाङी म्हणतात, तिच्यात मांसाशेजारी कुमारा असतो. कुमारा म्हणजे रताळं. वेगळं शिजवलेलं मागून घेतलं, मीठ होतंच. रताळ्याला मातीचा, धुराचा एक वास होता, आपल्या अलिबागकडच्या पोपटीसारखा. चंद्र मात्र जहाजावर रात्री उशिरा उगवला, आणि उलटा. दक्षिण गोलार्धात तो उलटाच दिसतो, त्यामुळे ससाही डोक्यावर उभा. अर्घ्य दिलं. हे म्हणाले, "पोचलं असेल का?"

तिसरा दिवस : नेपिअर

३ फेब्रुवारी १९३१ च्या भूकंपात हे गाव जमीनदोस्त झालं, २५६ माणसं गेली आणि पुन्हा बांधलं ते त्या काळच्या फॅशनच्या आर्ट डेको इमारतींत. मुंबईतल्या मरीन ड्राइव्हची धाकटी बहीण म्हणा. पाहून दोन तासांत परत आलो.

मला खटकली ती नावं. गावाचं नाव सिंध जिंकणाऱ्या चार्ल्स नेपिअरचं. शेजारी हेस्टिंग्ज. दोघांच्या मध्ये क्लाइव्ह. आमच्या सातवीच्या इतिहासाच्या पुस्तकातले खलनायक इथे सफरचंदाच्या बागांमध्ये निवांत पहुडलेले. आणि उद्या वेलिंग्टन!

चौथा दिवस : वेलिंग्टन

पहाटे साडेपाचला उठून डेकवर गेले. कुकच्या सामुद्रधुनीतून बंदरात शिरायची वाट अरुंद आहे, बाजूला खडक. १९६८ साली 'वाहिने' नावाची फेरीबोट वादळात याच तोंडाशी खडकावर आदळून बुडाली. आम्ही शिरलो तेव्हा पाणी शांत होतं, वारा मात्र असा की ओढणी डोक्याला दोनदा गुंडाळून टोक दातात धरलं होतं.

बंदराची माओरी गोष्ट अशी. हे आधी तळं होतं आणि तळ्यात दोन तानिफा, म्हणजे पाण्यातले प्रचंड जीव, राहायचे: ङाके आणि फाताइताइ. ङाकेला समुद्राची ओढ. त्यानं जोर लावून डोंगर फोडला आणि बाहेर पडला, ती ही वाट. फाताइताइनं दुसरीकडून धडक मारली, पण ओहोटी लागली आणि तो गाळात अडकला. तिथेच मेला. त्याचा आत्मा पक्षी होऊन शेजारच्या टेकडीवर जाऊन रडला. शहरात आज त्याच्या नावाची हाताइताइ वस्ती आहे, चांगली घरं आहेत म्हणे.

धक्क्यावरून पायी बाहेर जाऊ देत नाहीत, बस गावात सोडते. लॅम्बटन की नावाच्या मुख्य रस्त्यावर पुतणी अर्धी रजा टाकून उभी होती, सोबत चार वर्षांचा नातू. "की" म्हणजे धक्का, पण समुद्र तर दोन-तीन गल्ल्या पलीकडे! १८५५ च्या भूकंपानं जमीन वर उचलली गेली, मग माणसांनी भराव घातला आणि किनारा सरकत गेला. फुटपाथवर जुन्या किनाऱ्याच्या खुणांच्या पट्ट्या बसवल्यात. नातू त्या पट्टीवर उभा राहून म्हणाला, "आजी, तू पाण्यात आहेस."

आता त्या नावाचं. वेलिंग्टनचा ड्यूक, म्हणजे आर्थर वेलस्ली. हा इथे कधी आलाच नाही. वसाहत वसवणाऱ्या कंपनीला त्यानं पाठिंबा दिला म्हणून १८४० मध्ये त्याचं नाव दिलं. आमच्याकडे मात्र तो आला होता. १८०३ च्या एप्रिल महिन्यात दुसऱ्या बाजीरावाला पुण्याच्या गादीवर परत बसवायला आला, ऑगस्टमध्ये नगरचा किल्ला घेतला, २३ सप्टेंबरला असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजा मोडल्या. मेणवलीच्या घाटावर ज्यांचा वाडा आहे ते नाना फडणवीस त्याआधी तीन वर्षं गेलेले. नाना असते तर, हा आमच्या गावातला पारावरचा कायमचा विषय. मी पुतणीला म्हटलं, "आपल्याला हरवणाऱ्याच्या गावात राहतेस गं तू." ती म्हणाली, "काकू, हे ते फाङानुई-आ-तारा आहे. ताराचं मोठं बंदर. ऑफिसच्या पत्त्यात आम्ही तेच आधी लिहितो."

ती सरकारी खात्यात आहे, नद्या आणि पिण्याचं पाणी यांच्या कामावर. तिनं चालता चालता सांगितलं की फाङानुई नावाच्या नदीला (ही वेगळी, इथून उत्तरेला) २०१७ च्या कायद्यानं माणसासारखं कायदेशीर अस्तित्व मिळालंय. तिचं नुकसान केलं तर ती कोर्टात उभी राहते, तिच्या वतीनं दोन माणसं बोलतात. त्याच महिन्यात उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं गंगा-यमुनेलाही तसं जाहीर केलं होतं, पुढे सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. "मुठेला कोण बोलावणार कोर्टात," हे म्हणाले, "ती आली तर जज्ज उठून जातील."

ते पापा हे राष्ट्रीय संग्रहालय समुद्राला लागून आहे, १९९८ पासून. सगळी इमारत रबर आणि शिशाच्या पायांवर उभी, भूकंपात हलावी पण मोडू नये म्हणून. परदेशी पाहुण्यांना सप्टेंबर २०२४ पासून माणशी ३५ डॉलर. ह्यांनी दारातच गुणाकार केला. दोघांचे जवळजवळ साडेतीन हजार रुपये! मी म्हटलं, मेथीदाणे तरी पकडले गेले, दंड वाचला ना?

या संग्रहात एक काशाची तुटकी घंटा आहे, पुतणीनं तिचा फोटो दाखवला. १८३६ च्या सुमारास कोलेन्सो नावाच्या मिशनऱ्याला उत्तरेकडच्या एका माओरी वस्तीत बायका एका भांड्यात बटाटे शिजवताना दिसल्या. भांड्याच्या कडेनं अक्षरं होती. तो जहाजावरच्या घंटेचा वरचा भाग, आणि अक्षरं तमिळ: मोहिदीन बक्ष याच्या जहाजाची घंटा. ती तिथे कशी पोचली ते कुणालाच सांगता आलेलं नाही. मला मेणवलीची घंटा आठवली. वसईच्या चर्चमधली पोर्तुगीज घंटा, चिमाजी अप्पाच्या विजयानंतर आलेली, आमच्या घाटावरच्या देवळापाशी टांगलेली. लहानपणी ती वाजवायला उड्या मारायचो. त्या बायकांनी घंटा उलटी करून चुलीवर ठेवली, यात मला काही वावगं वाटलं नाही. पाणी उकळतंय ना? मग झालं.

चौथ्या मजल्यावर माराए आहे. माराए म्हणजे टोळीचं अंगण आणि सभाघर. हा मात्र कुणा एका टोळीचा नाही, सगळ्यांचा. क्लिफ व्हायटिंग या कलाकारानं केलेला. जुन्या सभाघरांचा तांबडा रंग इथे नाही. निळे, हिरवे, गुलाबी, पिवळे रंग, आणि कोरीव काम चक्क फर्निचरच्या एमडीएफवर. मला आधी जरा नाटकाच्या नेपथ्यासारखं वाटलं. मग गाईडनं घर वाचायला शिकवलं आणि मत बदललं. गाईड साधारण माझ्याच वयाचे, अंगानं भरदार, हातात काठी. घर म्हणजे पूर्वज, म्हणाले. कौलाच्या शेंड्यावरचा चेहरा हे त्याचं डोकं, दोन्हीकडे उतरणाऱ्या फळ्या हे पसरलेले हात, टोकांना बोटं. आढं म्हणजे पाठीचा कणा, वासे म्हणजे बरगड्या. आत जाणं म्हणजे आजोबांच्या पोटात शिरणं, म्हणून चपला बाहेर. चपला बाहेर काढायला सांगावं लागत नाही अशी आमच्या गटात आम्ही दोघंच होतो.

आत बसल्यावर ते म्हणाले, नावं नंतर, आधी प्रत्येकानं आपला डोंगर सांगा, मग पाणी. याला पेपेहा म्हणतात. आधी डोंगर, मग नदी किंवा समुद्र, मग पूर्वज ज्या होडीतून आले ती होडी, मग टोळी, मग घर, आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं नाव. एका जर्मन माणसानं खूप विचार करून "आमच्याकडे सपाट आहे" असं सांगितलं. अमेरिकन बाईंनी मिसिसिपी सांगितली. माझी पाळी आली.

अडतीस वर्षं कुणी विचारलं तर मी पुण्याची, असंच सांगत आलेय. तिथे बसून तोंडातून पांडवगड निघाला. मग कृष्णा. गाव वाई.

"वाइ?" ते थांबले. काठी जमिनीला टेकवली. "परत सांगा."

"वाई."

ते हसले, मोठ्यानं, सगळं अंग हलवून. म्हणाले, आमच्यात 'तू कोण' हे विचारायचं तर म्हणतात, को वाइ कोए? वाइ म्हणजे पाणी आणि वाइ म्हणजेच कोण. मी माणसाला विचारतो तू कोण, आणि ऐकणारा ऐकतो, तू कुठलं पाणी. तुम्ही तर प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर घेऊन आलात.

आमच्याकडे घाटावर कुणी अनोळखी म्हातारी भेटली की नाव विचारत नाही. "कुणाची गं तू?" असं विचारते. मग आजोबांचं नाव, वाड्याची खूण, कुलदैवत मांढरदेवीची काळूबाई की आणखी कुठलं, एवढं झालं की तिला पुरे, नाव ती विसरूनही जाते. हे मी त्यांना माझ्या इंग्रजीत जमेल तसं सांगितलं. ते मान डोलवत राहिले.

"आणि होडी?" त्यांनी विचारलं.

मी अडखळले. मागून हळूच मराठीत आवाज आला, "लाल डबा सांग. वाई आगार."

शेवटी होङी. कपाळाला कपाळ, नाकाला नाक, डोळे मिटून, आणि मधला श्वास दोघांचा. ताने या देवानं मातीच्या पहिल्या बाईच्या नाकपुड्यांत श्वास फुंकला, त्याची ही आठवण. रोटोरुआला मी मागे राहून चुकवली होती. परक्या पुरुषाच्या नाकाला नाक लावायचं, तेही ह्यांच्यादेखत, असं मनात होतं. इथे सगळे एका रांगेत जात होते, चुकवायला जागाच नव्हती. एक क्षण. त्यांच्या कपाळाला खोबरेल तेलासारखा कसलातरी वास होता आणि त्वचा गार होती. माझा चष्मा मध्ये आला, त्यांनी तो हलक्या हातानं वर सरकवला, जसा मी पहिलीतल्या पोरांचा सरकवायची.

बाहेर पडल्यावर वाऱ्यानं अक्षरशः ढकलत नेलं. टॅरानाकी स्ट्रीटवर एका रहिवासी इमारतीच्या तळमजल्यावर काचेमागे काळपट लाकडांची एक रांग दिसते. २००५ साली इमारतीचा पाया खणताना ते आरो या जुन्या माओरी वस्तीतल्या १८४० च्या दशकातल्या झोपड्यांचे हे अवशेष सापडले. वर सदनिका, खाली हे. शेजारच्या दारातून एक मुलगा सायकल घेऊन निघाला, त्यानं काचेकडे बघितलंही नाही. रोजचं आहे त्याला.

संसदेच्या समोर राष्ट्रीय ग्रंथालयात एक काळोखी, लाकडाची गोल खोली आहे. २०१७ पासून तिथे वाइताङीच्या तहाची मूळ पानं ठेवली आहेत. वाइताङी. पुन्हा वाइ, रडणारं पाणी. ६ फेब्रुवारी १८४० ला हा तह झाला आणि पुढच्या महिन्यांत पाचशेवर सरदारांनी सह्या केल्या. काहींनी स्वतःच्या चेहऱ्यावरच्या गोंदणाची रेघ सही म्हणून काढली. मधल्या काळात ही पानं सरकारी तळघरात पडली होती, १९०८ मध्ये सापडली तेव्हा उंदरांनी कुरतडलेली. त्या कुरतडलेल्या कडा मी काचेला नाक लावून बघितल्या. हरवलेल्या जागी कुणाच्या सह्या असतील?

भांडण मात्र शाबूत पानांवरून आहे. इंग्रजी मसुद्यात सरदार राणीला सार्वभौमत्व देतात. मिशनऱ्यानं मुलाच्या मदतीनं एका रात्रीत केलेल्या माओरी भाषांतरात ते देतात कावानाताङा. आपण लॉर्डचा लाट केला तसा त्यांनी गव्हर्नरचा कावाना केला, त्याला प्रत्यय लावून झालं 'गव्हर्नरपण', म्हणजे कारभार. आणि पुढच्याच कलमात त्यांच्या जमिनी, वस्त्या आणि ठेव्यांवरचं राङातिराताङा त्यांच्याकडेच राहील असं वचन. सरदारकी म्हणा, साताऱ्याकडची माणसं स्वराज्य म्हणतील. सह्या बहुतेकांनी माओरी पानावर केल्या. इंग्रजांशी तह करताना काय होतं, ते वसईच्या तहानंतर आम्हालाही कळलं होतं. आमच्याकडे निदान भाषांतराची सबब नव्हती.

तीनच महिने आधी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, या तहाचा अर्थ कायद्यानं ठरवू पाहणाऱ्या विधेयकाविरुद्ध समोरच्या संसदेवर बेचाळीस हजारांवर माणसं चालून आली होती. पुतणी तेव्हा जेवणाच्या सुट्टीत खाली उतरून बघत होती. "मुंगीएवढी जागा नव्हती, काकू, आणि कुणी कुणाला ढकलत नव्हतं." (आम्ही परतल्यावर, १० एप्रिलला, ते विधेयक ११२ विरुद्ध ११ मतांनी पडलं.) याच पायऱ्यांवर १९७२ मध्ये माओरी भाषा शाळांत शिकवा अशी मागणी करणारा तीस हजारांवर सह्यांचा अर्ज आला होता. त्याआधीच्या पिढीनं शाळेत माओरी बोलल्याबद्दल छड्या खाल्ल्या, म्हणून घरात मुलांशी इंग्रजीच बोलली. आईबापांना येत नाही, आजीला येतं. मग १९८२ मध्ये बंदरापलीकडच्या वाइनुइओमाताला पहिलं कोहाङा रेओ निघालं. भाषेचं घरटं. शाळेत जायच्या आधीची पोरं दिवसभर आज्यांच्या ताब्यात, आणि आत फक्त माओरी. १९८७ मध्ये ती राजभाषा झाली.

नातू जातो ती साधी बालवाडी आहे, घरटं नाही. तरी त्यानं कॅफेत बसून मला बोटांवर मोजून दाखवलं: ताही, रुआ, तोरू, फा, रिमा, ओनो, फितू, वारू, इवा, तेकाऊ. स्पष्ट, एकही उच्चार न घसरता. मी म्हटलं, आता मराठीत. एक ते सहा छान. सातला "सेवन" आलं, आठ नऊ गाळून थेट दहा. पुतणी मोबाइल बघायला लागली. माझ्या शाळेत मी लागले तेव्हा पहिलीच्या तीन तुकड्या होत्या, निवृत्त झाले तेव्हा एक, तीही भरेना. मी काही बोलले नाही. त्याला सातचा आकडा शिकवत बसले, "सात, सातारा, सात," आणि बस सुटायची वेळ झाली.

पाचवा दिवस : समुद्रावर

आज दिवसभर पाणीच. दक्षिणेकडे चाललोय, लाटा मोठ्या, जेवणाच्या खोलीत ताटं घसरतायत. ह्यांना लागलंय, झोपून आहेत. मी बाल्कनीत बसून पेपेहा देवनागरीत नीट लिहून काढला, ङ सकट. ह्यांचाही लिहायला घेतला. डोंगर पर्वती, नदी मुठा. झोपेतूनच म्हणाले, "खडकवासल्याच्या वरची मुठा लिही. खालची नको."

दुपारी काणकोणचा मुलगा टॉवेल बदलायला आला. त्यानं कागद बघितला, विचारलं कितें तें. मी सगळं सांगितलं: डोंगर, पाणी, होडी, आणि मग नाव. तो टॉवेलचा हत्ती करत होता, सोंड अर्धी वळलेली. हात थांबवून त्यानं विचार केला.

"न्हंय तळपण," म्हणाला. "आमच्या घराकडल्यान दिसता."

"आणि होडी? तारू?"

त्यानं पायाखालच्या हलणाऱ्या जमिनीकडे बोट केलं. "तें हेंच न्हय, बाय? आमी तारवटी." सोंड पुरी वळवली, हत्ती पलंगाच्या कडेला ठेवला, तो लाटेनं लगेच आडवा झाला. तो हसला, परत उभा केला आणि शेजारच्या खोलीचं दार वाजवायला गेला.